एका मिलिव्होल्टची पकड: ईसीजीचं सर्किट हृदयाचा सिग्नल वेगळा कसा काढतं?

ईसीजीचा कागद आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात धरलेला असतो. गुलाबी चौकटी, त्यावर काळी रेघ आणि ठरावीक अंतराने उठणारा एक उंच सुळका. त्या कागदाचं माप जगभर ठरलेलं आहे: उभे १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट आणि आडवे २५ मिलिमीटर म्हणजे १ सेकंद. म्हणजे हृदय त्वचेपर्यंत जे व्होल्टेज पोचवतं ते साधारण १ मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या जेमतेम दीड हजाराव्या भागाइतकं.

हार्ट अ‍ॅटॅक ओळखायचा तर याहून बारीक नजर लागते. सुळक्यानंतरचा जो सपाट तुकडा असतो, ज्याला डॉक्टर एसटी सेगमेंट म्हणतात, तो बहुतेक लीड्समध्ये १ मिलिमीटर वर उचललेला दिसला तरी धोक्याची घंटा वाजते. हा १ मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. आणि हे मोजायचं कुठे, तर ज्या खोलीच्या भिंतींतून २३० व्होल्टच्या वायरी गेल्या आहेत, डोक्यावर ट्यूबलाइट आहे आणि पेशंट घामाघूम होऊन तळमळतोय, अशा ठिकाणी.

हे काम करणाऱ्या सर्किटला बायोपोटेन्शियल अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण सिग्नल मोठा करणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग आहे नको ते मोठं न करणं.

वीज येते कुठून?

हृदयाच्या पेशींच्या आत आणि बाहेर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन असतात. पेशी आकुंचन पावण्याआधी हे आयन आतबाहेर करतात आणि पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज सुमारे १०० मिलिव्होल्टने बदलतं. लाखो पेशींमधून ही लाट एका दिशेने धावते. शरीर आतून खारट पाण्यासारखं असल्यामुळे त्या लाटेचा क्षीण ठसा हातापायांपर्यंत पोचतो. मेंदू आणि स्नायूंचंही असंच. मेंदूचा सिग्नल म्हणजे ईईजी डोक्यावर जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट भरतो, म्हणजे ईसीजीच्या दहाव्या ते शंभराव्या हिश्शाचा. स्नायूंचा ईएमजी काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो.

पहिली अडचण त्वचेवरच येते. शरीरात वीज वाहते आयनांमधून, वायरीत वाहते इलेक्ट्रॉनमधून. या दोघांची गाठ घालून देणारा धातूचा तुकडा म्हणजे इलेक्ट्रोड. ईसीजीसाठी चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेला इलेक्ट्रोड वापरतात आणि मध्ये खारट जेल लावतात. पण धातू आणि क्षार एकत्र आले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या जोडीचं हे व्होल्टेज सुमारे ०.२२ व्होल्ट, म्हणजे २२० मिलिव्होल्ट असतं. दोन इलेक्ट्रोड अगदी सारखे असते तर दोन्हीकडची बॅटरी एकमेकींना खोडून शून्य झालं असतं. प्रत्यक्षात ते सारखे नसतात. एकाखालची त्वचा कोरडी, दुसऱ्याखाली घाम, तिसऱ्याचं जेल महिनाभर पाकीट उघडं राहिल्याने सुकलेलं. म्हणून ईसीजी यंत्रांच्या मानकात असं गृहीत धरलेलं आहे की दोन इलेक्ट्रोडमध्ये ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर फरक आला तरी यंत्र चालत राहिलं पाहिजे.

म्हणजे ३०० वर बसलेला १ शोधायचा.

मोरा बंदरातली भरती आणि दोन होड्या

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने ये-जा करणाऱ्यांना ओहोटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाणी उतरलं की गाळामुळे लाँच जेटीला लागत नाही आणि फेऱ्या खोळंबतात. मुंबईच्या या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. आता समजा जेटीच्या खांबावर खुणा करून पाण्यावरची लहर मोजायची आहे आणि ती लहर आहे फक्त दीड सेंटीमीटरची. साडेचार मीटर आणि दीड सेंटीमीटर, हे प्रमाण बरोबर ३०० ला १ असंच आहे. ईसीजीच्या सर्किटपुढे रोज हेच गणित असतं.

यावर दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही सर्किटमध्ये वापरतात.

पहिली युक्ती वेळेची. भरती चढायला सहा तास लागतात, लहर सेकंदाभरात येऊन जाते. जे संथ आहे ते सोडून द्यायचं, जे झटपट बदलतं तेवढंच घ्यायचं. सर्किटमध्ये हे काम एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर मिळून करतात. त्याला हाय-पास फिल्टर म्हणतात.

दुसरी युक्ती फरकाची. शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन होड्या भरतीबरोबर सारख्याच वर जातात. त्यामुळे एकीची उंची दुसरीतून वजा केली की भरती आपोआप गळून पडते, उरते ती फक्त दोघींमधून जाणारी लहर. उजव्या हाताचं व्होल्टेज डाव्या हाताच्या व्होल्टेजमधून वजा करणं, हेच ईसीजीतलं लीड १. वजाबाकी करणाऱ्या या सर्किटला डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. ही दुसरी युक्ती खरी कामाला येते ती मात्र वेगळ्याच शत्रूविरुद्ध.

शरीर नावाची अँटेना

भिंतीतल्या वायरीला हात न लावताही आपण तिच्याशी जोडलेले असतो. वायर आणि शरीर यांच्यामध्ये हवा आहे, म्हणजे दोघं मिळून एक अगदी छोटा कपॅसिटर झाला. त्याची किंमत समजा ३ पिकोफॅरड धरली, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ०.२ मायक्रोअँपिअर करंट शरीरात शिरतो. आपल्याला तो जाणवतही नाही. पण शरीर आणि जमीन यांच्यातही असाच कपॅसिटर असतो, समजा ३०० पिकोफॅरडचा. या दोघांत २३० व्होल्टची वाटणी झाली की तुमच्या अख्ख्या शरीरावर दोन व्होल्टच्या आसपास ५० हर्ट्झचं व्होल्टेज बसलेलं असतं. हे वाचताना तुम्ही खोलीत बसला असाल तर आत्ताही असेल.

(मोरा बंदरासमोरच्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत तिथे जनरेटरवर भागवत. दिवसा जनरेटर बंद असताना तिथे बॅटरीवर ईसीजी काढला असता तर मुंबईतल्या कुठल्याही हॉस्पिटलपेक्षा स्वच्छ आला असता. अर्थात विजेविना राहण्याचा हा काही फायदा म्हणून सांगायचा नाही!)

दोन व्होल्ट म्हणजे ईसीजीच्या दोन हजार पट. पण हे व्होल्टेज दोन्ही हातांवर सारखंच असतं, म्हणून वजाबाकी इथे कामी येते. प्रश्न एवढाच की वजाबाकी किती चोख? याचं माप म्हणजे सीएमआरआर. तो ८० डेसिबल असेल तर सारखं असलेलं व्होल्टेज दहा हजार पटीने दबतं. २.३ व्होल्टचे तरीही ०.२३ मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे कागदावर सव्वादोन मिलिमीटरची थरथर. त्यात १ मिलिमीटरचा एसटी बदल कुठे शोधणार? १०० डेसिबल असेल तर एक लाख पटीने दबतं आणि थरथर रेघेच्या जाडीत मिसळून जाते.

एवढी चोख वजाबाकी एका साध्या ऑप-अ‍ॅम्पने होत नाही. चार रेझिस्टर लावून वजाबाकी करणारं सर्किट पुस्तकात सुंदर दिसतं, पण बाजारातले १ टक्का फरकाचे रेझिस्टर लावले की सीएमआरआर ४० डेसिबलच्या आसपास येऊ शकतो. शिवाय त्याचा इनपुट करंट ओढतो, आणि सुकलेल्या इलेक्ट्रोडमधून करंट ओढला की सिग्नलच बसतो. म्हणून तीन ऑप-अ‍ॅम्पची रचना आली: पुढे दोन, जे शरीराकडून जवळजवळ काहीच न घेता सिग्नल वाढवतात, आणि मागे एक वजाबाकीला. यालाच इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. एडी ६२० किंवा आयएनए १२८ अशा आठ पायांच्या चिपमध्ये हे सगळं तयार मिळतं, आतले रेझिस्टर लेझरने कापून जुळवलेले असतात. एडी ६२० चा गेन ठरवायला बाहेरून एकच रेझिस्टर लावायचा: ४९.४ किलोओहमला त्या रेझिस्टरने भागा आणि १ मिळवा.

तरी एक फट राहतेच आणि ती चिपच्या बाहेर असते. एका इलेक्ट्रोडचा अडथळा दुसऱ्यापेक्षा २० किलोओहमने जास्त असेल, तर सारखं व्होल्टेजही अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचताना असमान होतं, मग कितीही महागडी चिप असली तरी ती वजाबाकी चुकीच्याच आकड्यांची करते. ईसीजी काढणारे तंत्रज्ञ केस काढतात, त्वचा घासून पुसतात, ते यासाठी. माझ्या मते या विषयातलं सर्वात दुर्लक्षित वाक्य हेच आहे: चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरची सुरुवात स्पिरिटच्या कापसापासून होते.

उजव्या पायाचं काम काय?

हृदय डावीकडे झुकलेलं, मग उजव्या पायाला चिमटा कशाला लावतात, असं कधी वाटलंय? भारतात सर्रास दिसणाऱ्या रंगांत उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा. (अमेरिकी पद्धतीत रंग वेगळे आहेत आणि तिथे काळा डाव्या हाताला असतो. परदेशी बनावटीची वायर घेतली असेल तर आधी हे बघा.) यातला काळा चिमटा काहीच मोजत नाही.

तो उलट शरीरात सोडतो. सर्किट बाकीच्या इलेक्ट्रोडवरून शरीरावर बसलेलं ५० हर्ट्झचं व्होल्टेज पाहतं, त्याला उलटं करतं, मोठं करतं आणि उजव्या पायातून परत देतं. शरीर वर गेलं की पाय खाली ढकलतो, खाली गेलं की वर. याला ड्रिव्हन राइट लेग म्हणतात. विंटर आणि वेबस्टर यांनी १९८३ मध्ये या सर्किटचं जे विश्लेषण मांडलं ते आजही शिकवलं जातं. पायातला इलेक्ट्रोड नुसता ग्राउंडला जोडला आणि त्याचा अडथळा ५० किलोओहम असेल, तर ०.२ मायक्रोअँपिअरमुळे शरीरावर १० मिलिव्होल्ट उरतात. हीच जोडणी उलट्या फीडबॅकने केली की ते आणखी कित्येक पटीने खाली येतात. या वायरीत काही लाख ओहमचा रेझिस्टर मात्र लागतोच. सर्किट बिघडून पूर्ण व्होल्टेज पायावर आलं तरी करंट मायक्रोअँपिअरच्या घरातच अडकला पाहिजे.

फिल्टर चुकला तर निदान चुकतं

आता गेनकडे येऊ. सिग्नल हजार पट करायचा म्हणून पहिल्याच टप्प्यात हजाराचा गेन लावला, तर इलेक्ट्रोडचे ३०० मिलिव्होल्टही हजार पट व्हायला बघतात. ३०० व्होल्ट! पाच व्होल्टवर चालणारी चिप एका टोकाला जाऊन चिकटते आणि कागदावर सरळ रेघ येते. म्हणून पहिला टप्पा ५ ते १० पटीचा, मग हाय-पास फिल्टरने स्थिर भाग काढून टाकायचा आणि उरलेली शंभरेक पट वाढ त्यानंतर.

हा फिल्टर कुठे कापायचा, इथे खरा जोखमीचा निर्णय आहे. निदानासाठीच्या ईसीजीत तो ०.०५ हर्ट्झला कापतात. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३.३ मेगाओहमचा रेझिस्टर घेतला की जवळपास तेवढा येतो आणि त्याचा टाइम कॉन्स्टंट होतो ३.३ सेकंद. त्रास असा की पेशंटने हात हलवला की रेघ कागदाबाहेर जाते आणि परत जागेवर यायला दहा-पंधरा सेकंद घेते. वॉर्डातल्या नर्सला हे परवडत नाही. म्हणून मॉनिटरवर तोच फिल्टर ०.५ हर्ट्झला ठेवतात. रेघ मस्त स्थिर राहते, ठोके नीट मोजता येतात.

पण एसटी सेगमेंट साधारण ०.१ सेकंदाचा असतो. ०.५ हर्ट्झच्या साध्या फिल्टरमध्ये एखादी सपाट पायरी तेवढ्या वेळात सुमारे २७ टक्के घसरते, ०.०५ हर्ट्झला जेमतेम ३ टक्के. मोठ्या सुळक्यामागून येणारी ही घसरण एसटीला खाली ओढते किंवा वर दाखवते. म्हणजे खरा अ‍ॅटॅक झाकला जाऊ शकतो आणि नसलेला दिसू शकतो. म्हणूनच मॉनिटरच्या पडद्यावर एसटी संशयास्पद दिसला तरी डॉक्टर बारा लीडचा कागदी ईसीजी मागवतात. ऑनलाइन मिळणारं एडी ८२३२ चं छोटं लाल मॉड्यूल साधारण ०.५ ते ४० हर्ट्झवर जुळवलेलं असतं. त्यावर ठोके छान दिसतात, हार्ट अ‍ॅटॅकचं निदान त्यावर करायचं नसतं. मनगटी घड्याळाच्या ईसीजीचंही तसंच. दोन हातांमधलं एकच लीड तिथे मिळतं. ठोक्यांची अनियमितता पकडायला ते उपयोगी आहे, पण छातीत कळ येत असताना घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून घरी बसणं घातक ठरू शकतं.

उरणसारख्या ठिकाणी याचा अर्थ फार थेट आहे. छातीत दुखणारा माणूस आला की पहिल्या १० मिनिटांत ईसीजी व्हावा, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एसटी वर उचललेला दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी करणाऱ्या हॉस्पिटलमध्ये पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध जवळच्या ठिकाणीच द्यायचं. पनवेल-नवी मुंबईकडे निघायचं की इथेच औषध सुरू करायचं, हा निर्णय त्या ०.१ मिलिव्होल्टवर उभा असतो.

दुसऱ्या टोकाला, १५० हर्ट्झच्या वर कापतात, कारण त्यापुढे ईसीजीत फारसं काही नसतं, स्नायूंची कुरकुर मात्र असते. आणि ५० हर्ट्झला नेमकं छाटणारा नॉच फिल्टर? तो शेवटचा उपाय. तोही सुळक्यामागे लहरी सोडतो. ईएमजीत तर तो सिग्नललाच कापतो, कारण स्नायूंचा सिग्नल २० ते ५०० हर्ट्झमध्ये पसरलेला असतो आणि ५० त्याच्या मधोमधच येतो.

बादल्यांपासून ट्रॉम्बेपर्यंत

अ‍ॅम्प्लिफायर नव्हते तेव्हा काय करत? डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिबारीक धागा ताणला. हृदयाच्या करंटने तो धागा हलायचा आणि त्याची सावली फोटोवर उमटायची. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं, आणि पेशंट दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसलेला. मिठागरांच्या उरणला इलेक्ट्रोडची कमतरता तेव्हा पडली नसती! १९०५ मध्ये आइंटहोव्हन यांनी दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवला. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

मोरा बंदरातून उत्तरेला पाहिलं तर घारापुरी आणि त्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव आपण अणुभट्ट्यांशी जोडतो, पण अणुभट्टीच्या सेन्सरचा क्षीण सिग्नल वाढवणारी इलेक्ट्रॉनिक्सची माणसं शरीराकडेही वळली. हातापायांतून उच्च वारंवारितेचा बारीक करंट सोडून रक्तप्रवाहाचा अंदाज घेणारी इम्पीडन्स तंत्रं या केंद्राने अनेक वर्षं विकसित केली. पुढे तिथेच हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं बारा लीडचं टेली-ईसीजी यंत्र तयार झालं. ते ब्लूटूथने मोबाइलला जोडायचं आणि ईसीजी दूरच्या डॉक्टरला पाठवायचा. हे तंत्रज्ञान केंद्राने उद्योगांना उत्पादनासाठी देऊ केलं. पवईच्या आयआयटी मुंबईतही ‘सिलिकॉन लॉकेट’ या नावाने गळ्यात घालता येईल असं ईसीजी यंत्र बनवण्याचं काम झालं. स्मार्टवॉचची लाट यायच्या कितीतरी आधी.

आज रचनाही पालटली आहे. एडीएस १२९८ सारख्या चिपमध्ये आठ अ‍ॅम्प्लिफायर आणि २४ बिटचे कन्व्हर्टर एकत्र असतात. तिथे भरती काढून टाकायची घाईच नाही. गेन ६ किंवा १२ इतकाच ठेवायचा, ३०० मिलिव्होल्टसकट सगळं मोजायचं आणि फिल्टर सॉफ्टवेअरमध्ये लावायचा. एकदा चुकीचा फिल्टर लावला तर पुन्हा मूळ सिग्नलवर जाता येतं, हा यातला मोठा फायदा.

स्वतः बनवणार असाल तर

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ईसीजीचं प्रोजेक्ट ठरलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवर लागणारं जवळपास सगळं मिळतं. वायरी एकमेकींना पीळ देऊन आखूड ठेवा, चार्जरपासून लांब बसा, आधी छातीजवळ इलेक्ट्रोड लावून मोठा सिग्नल मिळवा, मग हातापायांकडे जा.

सर्किट मात्र फक्त बॅटरीवर चालवा. कोरड्या त्वचेवरून सुमारे १ मिलिअँपिअर करंट जाणवायला लागतो, पण इलेक्ट्रोड लावताना आपण त्वचेचा अडथळाच घासून काढून टाकलेला असतो. वैद्यकीय उपकरणांच्या मानकात सामान्य स्थितीत पेशंटमध्ये गळणाऱ्या करंटची मर्यादा साधारण १०० मायक्रोअँपिअर आहे आणि हृदयाशी थेट जोडणाऱ्या उपकरणांसाठी फक्त १०. घरगुती चार्जर या हिशोबाने बनवलेले नसतात. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचं असेल तर लॅपटॉपचा चार्जर प्लगमधून काढून ठेवा. त्याहून बरं म्हणजे ब्लूटूथने डेटा पाठवा. आणि कॉलेजच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप प्लगमधून अर्थ झालेला असतो. त्याचा प्रोब लावला की इलेक्ट्रोड लावलेला मित्रही अर्थ होतो, आणि मग त्याचा दुसरा हात शेजारच्या टेबलावरच्या कुठल्या यंत्राला लागतोय याकडे सर्किट चालू करण्याआधी बघावं लागतं.